अंधारातली प्रचारसभा

माझी बायको विजेच्या ऑफिसात ज्युनिअर इंजिनिअर होती आणि मी एका सहकारी बँकेत कारकून. त्यामुळे आमच्या घरात बल्ब गेला की स्टूल आणून ठेवायचं काम माझं आणि वर चढायचं तिचं. मी खाली उभा राहून "जपून हं" म्हणत असे, तेवढाच माझा हातभार. पेठेतल्या माझ्या नातेवाइकांना या व्यवस्थेची फार गंमत वाटायची. एका काकांनी तर लग्नाच्या पंगतीतच विचारलं होतं, "काय सूनबाई, शॉक वगैरे देता का?" ती वाढता वाढता म्हणाली, "अर्थिंग नीट असेल तर नाही." त्यानंतर काकांनी तिला जन्मात पुन्हा काही विचारलं नाही.

ती लोणी काळभोरची. वडिलांचं म्हणणं होतं, डी.एड. कर आणि गावच्या शाळेत शिकव. हिने हट्टाने इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला. नोकरी लागली तेव्हा वायरमन मंडळी तिच्यासमोर अदबीने बिडी लपवायची, पण काम सांगितलं की एकमेकांची तोंडं बघायची. एकदा दुपारी एका खांबावर कोणी चढेना, कारण डबे उघडून झाले होते. हिने खालून पुरवठा बंद करून घेतला, ओढणी कमरेला गुंडाळली, पट्टा लावला, वर गेली, तार जोडली आणि खाली येऊन म्हणाली, "चालू द्या जेवण." त्या दिवसापासून ते सगळे तिला 'साहेब' म्हणायला लागले. घरी मी तिला चुकून तसंच म्हणालो तर तिने मला भाजी निवडायला बसवलं.

पण तिचं खरं नाव झालं ते फोनमुळे. त्या काळात लाईट गेली की लोक विजेच्या ऑफिसला फोन लावत आणि फोन एंगेज लागे. लाईट येईपर्यंत एंगेज. याचं कारण अख्ख्या शहराला माहीत होतं. लाईट गेली रे गेली की तक्रारीच्या फोनचा रिसिव्हर उचलून टेबलावर आडवा ठेवायचा, ही तिथली जुनी रीत. फोनवर बसणाऱ्या माणसाने तरी शिव्या किती खायच्या? माझी बायको शहराच्या कडेच्या एका ऑफिसात बदलून गेली आणि पहिल्याच दिवशी तिने तो रिसिव्हर जागेवर ठेवला. फोनवरचा माणूस दुसऱ्या दिवशी रजेवर गेला. मग ही स्वतःच फोन घेऊ लागली.

"हॅलो, बोला, कुठून बोलताय?" हे तिचं ठरलेलं वाक्य. पुढे ती जे असेल ते सांगे. "केबल जळलीय, चार तास तरी येणार नाही. फ्रिजमधलं दूध तापवून ठेवा." "शेजारी आहे आणि तुमच्याकडेच नाही? मग फ्यूज तुमचा गेलाय, आमचा नाही." एका आजोबांनी दरडावलं, "म्हणजे आम्ही काय अंधारात बसायचं?" तर ही म्हणाली, "बसा ना. मीपण अंधारातच बसलेय." आजोबा एवढे विरघळले की त्यांनी तिला स्वतःच्या गुडघ्यांची सगळी हकिगत सांगितली. पुढे पुढे तर लाईट असतानाही फोन येऊ लागले. "सहज केला, बाई. आज जाणार नाही ना, एवढंच विचारायचं होतं." खोटं आश्वासन न देणारी सरकारी बाई ही लोकांना इतकी अपूर्वाईची गोष्ट वाटली, की तिचं तोंड न पाहिलेली माणसंसुद्धा तिचा आवाज ओळखायला लागली.

नोकरीला जवळ पडावं म्हणून आम्ही पेठ सोडून तिथेच राहायला गेलो. ते उपनगर कालपरवापर्यंत गाव होतं. नुकतंच पालिकेत आलं होतं आणि त्यामुळे धड गाव राहिलं नव्हतं, धड शहर झालं नव्हतं. देशाची दारं उघडली असं पेपरात छापून येत होतं. आमच्याकडे ती थेट उसाच्या फडात उघडली. आज ऊस तोडला की उद्या तिथे बिल्डरचा बोर्ड आणि परवा सहा मजले. त्यात सॉफ्टवेअरवाली पोरं राहायला आली. कोणी अकोल्याचा, कोणी अमरावतीचा, कोणी नागपूरचा. गळ्यात कंपनीचं कार्ड, ते झोपतानाही काढत नसावीत असा माझा समज होता. एका बाजूला जुनं गावठाण, मारुतीचा पार, गोठे. दुसऱ्या बाजूला फ्लॅट. आणि दोघांच्या मध्ये पालिकेची शाळा.

या शाळेच्या मैदानावरून विजेच्या तारा गेल्या होत्या. ओढल्या तेव्हा त्या व्यवस्थित उंच होत्या. मग मैदानात भराव पडला, पुन्हा पडला, आणि जमीनच तारांच्या दिशेने वर सरकली. पोरं खाली क्रिकेट खेळायची आणि ही ऑफिसातून येता-जाता तिथे थांबून वर बघत राहायची. तारा हलवायच्या तर पलीकडून जागेची एक पट्टी हवी. जागा पालिकेची. पालिकेत ठराव व्हायला हवा, आणि ठराव मांडणार नगरसेवक. तेव्हाचे नगरसेवक तिने पाठवलेल्या प्रत्येक पत्राला "बघू" म्हणत. घरी जेवताना ती एकदम घास हातात धरून म्हणायची, "एखाद्या पोराने बॅट उंच धरली ना, संपलं." मी म्हणायचो, "अगं, तुझं काम तू केलंस." त्यावर ती काही न बोलता जेवायची, म्हणजे माझं म्हणणं तिला अजिबात पटलेलं नसायचं.

अशात पालिकेच्या निवडणुकीची सोडत निघाली आणि आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. गावातले एक बडे जमीनवाले फडातली जागा विकून नवी जीप फिरवत होते. त्यांचा अगदी विरस झाला. त्यांनी उभं राहायचं म्हणून पांढरे कपडे शिवून घेतले होते. मग त्यांनी स्वतःच्या बायकोला उभं करायचं ठरवलं, तर त्या माउलीने साफ सांगितलं, "तुमच्या माणसांचे चहा करून कंटाळले. आता त्यांच्यात जाऊन बसू म्हणता?" दुसरी बाई शोधता शोधता कोणाला तरी फोनवरची बाई आठवली.

जीपवाले आणि त्यांच्या पक्षाचे शहराध्यक्ष आमच्या दोन खोल्यांत येऊन बसले. बोलत होते ते सगळं माझ्याशी. "साहेब, आपली परवानगी असेल तर बाईंना उभं करावं म्हणतो. बाकी कारभार बघायला आपण आहोतच." आयुष्यात मला कोणी साहेब म्हटलं नव्हतं. मी सोफ्यावर जरा ताठ झालो, एक पाय दुसऱ्यावर टाकला आणि परवानगी द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात चहाचे कप ठेवता ठेवता ही म्हणाली, "परवानगी माझी घ्या. त्यांना साधी रजासुद्धा बँकेला विचारून मिळते."

मग तिने एकच प्रश्न विचारला. "निवडून आले तर शाळेवरच्या तारा हलवायचा ठराव मांडू द्याल?" शहराध्यक्ष म्हणाले, "बाई, असले दहा ठराव मांडा."

नोकरीत राहून उभं राहता येत नाही. राजीनामा द्यावा लागतो, आणि दिलेला राजीनामा हरलो म्हणून परत मागता येत नाही. वडिलांशी भांडून मिळवलेली, खांबावर चढून टिकवलेली नोकरी तिने सोडली. पट्टा आणि रबरी हातमोजे परत करून आली त्या दिवशी ती स्वयंपाकघरात ओट्याशी पाठमोरी उभी राहून खूप रडली. मी मागे उभा होतो. मला तिचा अभिमान वाटत होता आणि भीतीही वाटत होती. मी म्हटलं, "अजून परत घेता येईल का बघू या?" ती नाक पुसत म्हणाली, "आता न्हाई. आता त्या तारा हालल्याच पायजेत." लोणीची भाषा बाहेर आली की तिचं ठरलेलं असतं, हे मला एव्हाना कळलं होतं.

त्याच आठवड्यात संध्याकाळी लाईट गेली. सवयीने तिने फोन उचलला आणि आपल्याच ऑफिसला लावला. एंगेज! तिने पुन्हा लावला. पुन्हा एंगेज. ती रिसिव्हर हातात धरून जी हसायला लागली ती थांबेचना. तो रिसिव्हर तिने माझ्या कानाला लावला. "ऐका, ऐका! आडवा ठेवलाय मेल्यांनी!" अंधारात आम्ही दोघं जमिनीवर बसून पोट धरून हसत होतो. दोनच दिवसांत ती साधी नागरिक झाली होती.

प्रचाराचे दिवस म्हणजे माझ्या आयुष्यातले सगळ्यात खुळे दिवस. मी पांढरा कुडता शिवला. आरशासमोर नमस्काराची तालीम केली, तर ही म्हणाली, "हात जोडताय की टाळी वाजवताय?" बँकेत मॅनेजरपासून शिपायापर्यंत सगळे 'या नगरसेवक' म्हणू लागले. मी "अजून कुठे" म्हणत लाजायचो आणि मनातून फुगायचो. रोज सकाळी मंडईत जाऊन झेंडूचे हार आणायचे हे काम मी हौसेने अंगावर घेतलं होतं. हारवाल्याने एकदा विचारलं, "लग्न कोणाचं?" मी म्हटलं, "बायकोचं." तो हार बांधायचाच थांबला.

फ्लॅटमध्ये पत्रकं वाटायला जायचो तिथे पाट्या. 'पत्रके दारात टाकू नयेत. उमेदवाराने स्वतः येऊन वाचून दाखवावे.' ही खरोखर वाचून दाखवायची. दार उघडलं की लोक आधी तिच्याकडे अनोळखी नजरेने बघत. तिने "नमस्कार, मी" एवढं म्हटलं की आतून कोणीतरी ओरडे, "अगं, त्या फोनवाल्या बाई!" मग चहा, पोहे, अकोल्याहून आलेला चिवडा. एका घरात सासू म्हणाली, "तुम्ही एवढ्या बारीक असाल असं वाटलं नव्हतं. आवाज चांगला जाडजूड आहे." प्रत्येक घरी एकच प्रश्न, "निवडून आलात तर लाईट जायची थांबेल ना?" आणि प्रत्येक घरी तिचं एकच उत्तर, "नाही थांबणार. वीजच कमी आहे. पण कधी जाणार ते आदल्या दिवशी सांगायची सोय करीन." जीपवाले बाहेर येऊन कपाळ बडवून घेत. "ताई, जरा खोटं बोलायला काय जातं हो? समदेच बोलत्यात." लोक मात्र खूश! जिन्यातून खाली उतरताना माझे पाय जमिनीला टेकत नव्हते.

मग आली शेवटची सभा. गावठाणात, मारुतीसमोरच्या पटांगणात. व्यवस्था सगळी जीपवाल्यांची आणि त्यांनी कसूर म्हणून ठेवली नव्हती. लोखंडी पाइपांचा मांडव, झगझगीत दिवे, खांबाखांबावर रंगीत माळा, कर्णे आणि व्यासपीठावर लाल मखमलीच्या खुर्च्या. संध्याकाळ उतरली तशी गर्दी झाली. गावठाणातल्या बाया डोक्यावर पदर घेऊन पुढे, फ्लॅटमधली पोरं मागे हाताची घडी घालून. मला व्यासपीठावर मधली खुर्ची. गळ्यात हार, समोर माईक, त्याच्यापुढे माणसंच माणसं! मी असा खूश होतो की मला दोन-तीनदा उगाचच हसू आलं.

ही भाषणाला उठली. शाळेचा मुद्दा काढला, टाळ्या पडल्या. आणि एकदम ती बोलायची थांबली. पटांगणाच्या कडेच्या घरांकडे बघत राहिली. मला काहीच कळेना. नंतर कळलं की त्या घरांमधले बल्ब निखाऱ्यासारखे लालसर झाले होते. आमचे दिवे झगझगीत आणि लोकांचे विझायला आलेले. तिने नजर मांडवावरून वरच्या तारांपर्यंत नेली, मग माईकवरच विचारलं, "कनेक्शन कुठून घेतलंय?"

जीपवाले बसल्या जागेवरून कौतुकाने म्हणाले, "ताई, तुमच्याच तारेवरनं! आकडा टाकलाय. घरचंच हाय की समदं!"

लोक हसले. त्यात कोणाला काही वावगं वाटलं नव्हतं. गणपती असो, लग्न असो, सभा असो, वरच्या तारेवर वायरचा आकडा अडकवायचा आणि वीज घ्यायची, ही सर्वपक्षीय रीत होती. विरोधकांच्या सभेलाही परवा तसाच आकडा होता. पण ही काही हसली नाही. मांडवाच्या पाइपाला धरून चार-पाच पोरं झोके घेत होती आणि आकड्याची वायर त्याच पाइपाला गुंडाळून आणलेली होती.

"पोरांनो, पाइप सोडा. आत्ता. सगळे मागे व्हा," ती म्हणाली. माईकवर तिचा आवाज असा घुमला की पोरांनी पटकन हात मागे घेतले. मग मांडववाल्याला म्हणाली, "आकडा काढा." मांडववाल्याने जीपवाल्यांकडे बघितलं. जीपवाले उठून जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, भाषण उरका. अर्ध्या तासाचा प्रश्न हाय. गावाची मतं माझ्या हातात हायेत, आज शोभा करू नका."

मी खुर्चीतून तिच्याकडे बघत होतो. आणि खरं सांगतो, मला मनापासून वाटत होतं की तिने भाषण उरकावं.

ती व्यासपीठावरून खाली उतरली. कोणाच्या तरी गोठ्याला टेकवलेला एक वाळका बांबू तिने उचलला, हाताने चाचपून बघितला, पदर खोचला, आणि खांबापाशी जाऊन सगळ्या गावादेखत आपल्याच सभेचा आकडा आपल्या हाताने काढला.

फट्! दिवे गेले, माळा गेल्या, कर्णे मुके झाले. पटांगणात मिट्ट काळोख. त्याच क्षणी कडेच्या घरांमधले बल्ब पांढरेशुभ्र पेटले, पण ते आतल्या खोल्यांत. आमच्याकडे काहीच दिसेना. जीपवाल्यांचा आवाज आला, "मिटली निवडणूक!" मग जीप सुरू झाल्याचा आवाज आणि तिच्यामागोमाग मोटारसायकली. लोक उठायला लागले. कोणी कोणाच्या पायावर पाय दिला. माझ्या गळ्यात हार होता आणि तो काढावा की ठेवावा हे मला ठरवता येत नव्हतं.

आणि त्या काळोखात, कुठल्याशा कोपऱ्यातून, माईकशिवाय तिचा आवाज आला.

"हॅलो, बोला, कुठून बोलताय?"

मग मागच्या बाजूने असा हशा फुटला की तो पुढपर्यंत येईस्तोवर दुप्पट झाला. या माणसांनी तिला ऐकलं होतं ते नेहमी अंधारातच! उजेडात व्यासपीठावर उभी असलेली बाई त्यांना परकी होती. ही मात्र त्यांची होती. मागून एक पोरगा ओरडला, "मॅडम, मारुतीसमोरून बोलतोय! लाईट गेलीय!"

"माहितीय. मीच घालवलीय."

"मग येणार कधी?"

"आता सकाळीच. घरी जा आणि गरम जेवा. त्याआधी कोणाला काही विचारायचंय?"

काय ती सभा झाली! अंधारात एकेक जण उठून "हॅलो" म्हणायचा आणि विचारायचा. नळाचं पाणी, कचऱ्याची गाडी, रस्त्यातले खड्डे. एका आजीने विचारलं, "हॅलो, माझी सून ऐकत नाही, तिचं काय?" ही म्हणाली, "आजी, तो फॉल्ट आमच्याकडे येत नाही." हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही. शेवटी तिने शाळेवरच्या तारांचं सांगितलं तेव्हा मात्र सगळे शांत झाले, आणि कोणीतरी आयांच्या घोळक्यातून म्हणालं, "ताई, तुमीच पायजे." मी अंधारात हार हातात धरून उभा होतो आणि मला वाटत होतं, या बाईशी आपलं लग्न झालंय हे खरं कसं असेल?

मतदानाच्या दिवशी मी गावठाणातल्या केंद्राबाहेर टेबल मांडून बसलो होतो. जीपवाले समोरच्या पक्षाच्या टेबलावर जाऊन बसले होते आणि माझ्याकडे बघून मिशांवरून हात फिरवत होते. फ्लॅटच्या बाजूच्या केंद्रावर प्रचारातली आमची दोन पोरं होती. दुपारी तिकडून निरोप आला, "इकडे सगळं शांत आहे." आम्ही खूश झालो. मी हिला म्हटलं, "भांडणतंटा नाही, सुशिक्षित वस्ती."

आम्ही हरलो. फार नाही, अगदी थोडक्यात. पण हरलो. आकडे जाहीर झाले तेव्हा ती माझ्या शेजारी उभी होती. तिने माझा हात धरला, विजयी बाईंचं अभिनंदन केलं, आणि म्हणाली, "चला." कुठल्या केंद्रावर किती मतं पडली ते बघायला आम्ही थांबलोच नाही. बघायचं काय होतं? तिला कारण माहीत होतं, मलाही.

घरी येऊन ती पुढच्या खोलीत भिंतीला टेकून बसली. मग म्हणाली, "आकडा काढला म्हणून लोकांनी मला नको म्हटलं. तोंडावर हसले आणि आत जाऊन नको म्हटलं. माझी नोकरीपण गेली आणि तारा तिथंच हायेत." मी तिच्याजवळ बसलो. मला तिच्यासाठी रडू येत होतं आणि त्या अख्ख्या वॉर्डाचा संताप येत होता. एक एक माणूस, चहा पाजणारा, पोहे देणारा, हॅलो म्हणणारा, सगळे मला खोटे दिसायला लागले.

पुढे ती निवडून आली. पुन्हा आली. मग मुंबईला जाऊन विधानभवनात बसली, आणि विजेवर बोलायला ती उठली की मंत्री आधी पाणी पितात असं म्हणतात. पण तिच्या राजकारणाची खरी सुरुवात कुठे झाली असं मला कोणी विचारलं तर मी सांगेन, त्या हरलेल्या संध्याकाळी, आमच्या पुढच्या खोलीत.

कारण तेवढ्यात दार वाजलं. दारात फ्लॅटमधला एक तरुण. गळ्यात कार्ड, नाक उन्हाने सोललेलं.

"मॅडम आहेत का? आमच्या बिल्डिंगमध्ये एका साइडची लाईट गेली आहे. तिकडे फोन लावून राहिलो तर एंगेज येऊन राहिला."

माझा तोल गेला. "लाज नाही वाटत? मत देताना आठवल्या नाहीत मॅडम, आणि आता लाईट गेल्यावर आठवल्या?"

तो गोंधळून माझ्याकडे आणि आत भिंतीशी बसलेल्या हिच्याकडे बघायला लागला. "म्हणजे? मॅडम, तुम्ही आल्या ना निवडून?"

"हरले," ही म्हणाली.

"काय सांगता बाप्पा!" तो चौकटीला धरून उभाच राहिला. "असं कसं? आमची तर पूर्ण बिल्डिंगच तुमची होती न! त्या अंधारातल्या सभेपासून आमच्याकडे कोणी फोन उचलला की 'बोला, कुठून बोलताय' असंच म्हणतात."

"मग मत कोणाला दिलंत?" मी ओरडलो.

तो ओशाळला. सोललेल्या नाकावर बोट फिरवत म्हणाला, "सर, ॲक्चुअली मतदानाची सुट्टी होती न. आणि मॅडम तर येणारच आहेत असं वाटलं. तर आम्ही सगळे दोन सुमो करून खडकवासल्याला गेलो. भजी खायला. बाजूच्या बिल्डिंगवालेही तिथेच भेटले. अन् त्याच्या बाजूचेही. पूर्ण कॉलनीच होती, सर."

मी त्याला मारायच्या बेतात होतो. पण मागून एक विचित्र आवाज आला म्हणून वळलो. ही हसत होती. भिंतीला टेकून, तोंडावर पदर दाबून, गदागदा हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाटलं, आता हिला सावरायला पाहिजे. मी जवळ गेलो तर तिने माझा हात घट्ट धरला आणि त्याच हाताचा आधार घेऊन उठली.

"अहो, रडताय काय?" ती म्हणाली. रडत मी होतो, हे मला तेव्हा कळलं. "मला वाटलं लोकांनी हरवलं. आपल्याला लोकांनी नाही हो हरवलं, भज्यांनी हरवलं!"

मग तिने डोळे पुसले, चपला घातल्या, आणि त्या तरुणाला "कुठली साइड म्हणालात?" असं विचारत जिना उतरायला लागली.